अंकाचे काय होणार? : ई-रीडर, टॅब आणि गोंदियातले मासिकवाचन

मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरहून पुण्यामार्गे येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस, या दोन्ही गाड्या गोंदियाला येऊन संपतात. त्यापुढे छत्तीसगड, वर उत्तरेला मध्य प्रदेश. मराठी मासिकांचा पूर्वेकडचा प्रवासही जवळपास इथेच संपतो. मासिके निघतात मुख्यतः पुण्यात आणि मुंबईत, काही नागपुरात. तिथून पोस्टाने निघालेला अंक गोंदिया शहरात पोचायला काही दिवस लागतात, आणि अर्जुनी मोरगाव किंवा सालेकशाच्या आतल्या गावात तो कधी पोचेल याचा भरवसा नसतो. हरवलेल्या अंकाबद्दल कार्यालयाला पत्र लिहायचे आणि दुसरी प्रत येईपर्यंत पुढचा अंक हाती पडायचा, हा आमच्याकडच्या वर्गणीदारांचा जुना अनुभव आहे.

म्हणून ई-रीडर आणि टॅब यांचा प्रश्न इथे पुण्यापेक्षा वेगळ्या रूपात उभा राहतो. पुण्यात तो बराचसा आवडीचा प्रश्न आहे : कागद बरा की पडदा? गोंदियात त्याआधी विचारावे लागते की अंक मुळात पोचतो का. पोचण्याचा प्रश्न यंत्राने सोडवला, हे मान्य करूनच पुढचे विवेचन केले पाहिजे. 2020 च्या टाळेबंदीत छपाई आणि टपाल अडले, तेव्हा अनेक मराठी नियतकालिकांनी आपले अंक पीडीएफ करून वाचकांना पाठवले. ज्या दिवशी पुण्याच्या वाचकाला अंक मिळाला त्याच दिवशी तो आमगावातही उघडता आला. हे आमच्याकडे पूर्वी कधी घडले नव्हते.

परंतु पोचले ते नेमके काय? माझे म्हणणे असे की पडद्यावर लेख सुखरूप पोचतो, गोष्टही पोचते. वाटेत हरवण्याची भीती आहे ती अंकाची. अंक ही लेखांच्या बेरजेहून वेगळी चीज आहे, आणि मासिकवाचनाचे भवितव्य ती टिकते की नाही यावर ठरणार आहे.

अंक म्हणजे काय

बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 साली ‘दिग्दर्शन’ काढले, तेव्हापासून मराठीत मासिक ही संस्था आहे. तिची तीन अंगे ध्यानात घ्यावीत. पहिले अंग सीमेचे. अंकाला पहिले पान असते आणि शेवटचे पान असते. वाचून संपला असे म्हणता येते. दुसरे अंग क्रमाचे. कवितेनंतर शेतीवरचा लेख, त्यानंतर कथा, ही जुळणी संपादकाने केलेली असते, आणि वाचक ज्यासाठी आला त्याच्या शेजारी जे नको होते तेही त्याच्या नजरेस पडते. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पक्ष्यांबद्दल पहिल्यांदा वाचले ते कथा शोधताना. नवेगाव बांधचा तलाव सायकलवरून जाता येईल इतका जवळ असूनही तिथल्या पाखरांची नावे आम्हाला मारुती चितमपल्लींच्या लिखाणातून कळली.

तिसरे अंग हाती फिरण्याचे. अंक एकाच्या नावाने येतो आणि घरभर वाचला जातो. दिवाळी अंकांत हे सर्वांत ठळक दिसते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तिथून सुरू झालेली ही प्रथा मराठीत विस्ताराने रुजली. आमच्या धानाच्या मुलखात मात्र दिवाळी अंकाला लगेच हात लावायला कुणाला सवड नसते. बांध्यांमध्ये कापणी चालू असते, मग बांधणी, मग चुरणे. त्यातच गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्री दंडारीचे नाट्य रंगते. अंक फळीवर पडून राहतो. धान घरात आले की मार्गशीर्षात, पौषात तो खाली उतरतो आणि मग होळीपर्यंत एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

हे पडून राहणे मला फार महत्त्वाचे वाटते. कागदी अंक फळीवरून दिसत राहतो, त्याला रोज पाहावेच लागते. फोनमध्ये आलेली फाइल दोन दिवसांत शंभर निरोपांच्या खाली जाते. ती नष्ट झालेली नसते. फक्त कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. ज्याचे वाचन हंगामावर अवलंबून आहे अशा वाचकाचे त्यामुळे नुकसान होते, आणि शहरात बसून पडद्यावरचा अंक रचणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही.

यंत्रांचे स्वभाव

ई-रीडर आणि टॅब एका दमात बोलले जातात, पण त्यांची घडण मुळातच निराळी आहे. किंडलसारख्या ई-रीडरचा पडदा ई-शाईचा असतो. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधनातून 1997 साली ई-इंक कंपनी निघाली, तिचे हे तंत्र. पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, कुपीतल्या द्रवात पांढरे आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. विद्युतदाब एका बाजूने दिला की पांढरे वर येतात, उलट दिला की काळे. एकदा कण जागेवर बसले की ते तिथेच राहतात. पान बदलताना तेवढी वीज लागते. म्हणून एका चार्जिंगवर यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. शिवाय पडदा स्वतः उजळत नाही, बाहेरच्या उजेडात दिसतो, कागदासारखा. भर दुपारी खळ्यावर धानाची राखण करत बसलेल्या माणसाला फोनचा पडदा काळा ठिक्कर दिसतो. ई-शाईवर मात्र ऊन जितके कडक तितके अक्षर स्पष्ट.

पण साध्या ई-शाईला करड्या रंगाच्या सोळा छटांपलीकडे जाता येत नाही. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर वाढलेल्या मराठी मासिकवाचकाला ही उणीव छोटी वाटणार नाही. टॅबवर रंग आहेत, मोठे पान आहे, चित्र आहे, आवाजही आहे. त्याचबरोबर त्यावर वाचनाखेरीज दुसरे सगळेच आहे.

या दोन यंत्रांच्या गोष्टीत गोंदियाचा वाचक जवळजवळ नाहीच. इथे ई-रीडर असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजावी लागतील, टॅब शाळकरी पोरांसाठी आलेले. वाचन होते ते फोनवर, तेही 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले तेव्हापासून. टॅबवर काय होईल याचा विचार करताना हे विसरले की सगळे गणित चुकते, आणि इथे ते गणित अक्षरशः मांडता येते.

पानाची रुंदी

बऱ्याच मराठी मासिकांचे पान साधारण अठरा सेंटिमीटर रुंद असते आणि मजकूर बारा पॉइंटच्या आसपास जुळवलेला असतो. साडेसहा इंची फोन उभा धरला की पडदा भरतो सात सेंटिमीटर. पीडीएफचे अख्खे पान त्यात बसवले की बारा पॉइंटचे अक्षर पावणेपाच पॉइंटच्या खाली जाते. सहा इंची ई-रीडरवर ते सहा पॉइंट होते, दहा इंची टॅबवर जवळपास दहा. म्हणजे छापील पानाची हुबेहूब प्रत वाचण्याजोगी राहते ती फक्त टॅबवर, आणि टॅब आमच्याकडे फोनच्या मानाने थोडेच.

देवनागरीला हे आकसणे रोमनपेक्षा जास्त बाधते. आमचे अक्षर तीन मजली असते : वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार. पावणेपाच पॉइंटात अनुस्वार म्हणजे धुळीचा कण. ‘मंद’ आणि ‘मद’ यांत फरक राहत नाही. मग वाचक दोन बोटांनी पान ताणतो, ओळीचा अर्धा भाग बाहेर जातो, ओळ संपवायला उजवीकडे सरकवतो, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे. आमच्या वाचनालयात येणारे एक निवृत्त गुरुजी असा एक दीर्घ लेख वाचताना मी पाहिले आहेत. तिसऱ्या स्तंभावर त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. लेख चांगला होता. छापील अंक आल्यावर तो त्यांनी एका बैठकीत संपवला.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे : मजकूर प्रवाही ठेवायचा, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी आपोआप मोडाव्यात आणि अक्षर वाचकाने हवे तेवढे मोठे करावे. ईपब आणि किंडल यांची पुस्तके अशीच असतात. मग मराठी मासिके तसे का करत नाहीत? कारण छापखान्यात आहे. आपली बरीच मासिके वर्षानुवर्षे पेजमेकरवर जुळवली गेली, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत. त्या फाँटांत ‘क’च्या जागी संगणकाच्या लेखी दुसरेच एखादे रोमन चिन्ह असते; फाँट त्याला फक्त ‘क’चा आकार देतो. डोळ्याला मराठी दिसते, यंत्राला निरर्थक चिन्हांची रांग. अशा पीडीएफमध्ये ‘नवेगाव’ शोधा. शब्द समोरच्या ओळीत छापलेला असतो आणि यंत्र सांगते, सापडला नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून जागा आहे, आणि जुना मजकूर त्यात बदलून घेता येतो. पण बदलताना ज्या ठेचा लागतात त्या बोलक्या असतात. मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द. दुसऱ्यातल्या अर्ध्या र साठी युनिकोडने ‘ऱ’ हे वेगळे अक्षर राखून ठेवले आहे. बदल करणाऱ्या साधनाला हे ठाऊक नसले की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. आमच्याकडे धानाच्या रोपांना पऱ्हे म्हणतात. आषाढात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच शब्द : पऱ्हे टाकले का, पऱ्हे किती वाढले. रूपांतरातून तो ‘पर्हे’ होऊन बाहेर पडतो, आणि मुद्रितशोधकाला मूळ शब्द ठाऊक नसला तर तसाच छापला जातो. शहरी शब्दांच्या चुका कुणीतरी पकडतो. रोवणी, बांधी, बोडी यांच्या मुलखातले शब्द चुकले तर पकडणारा दूर बसलेला असतो.

याचा अर्थ असा की ई-वाचनाचा मराठीतला खरा अडसर वाचकाकडे नाही, अक्षरजुळणीच्या टेबलावर आहे. किंडलने डिसेंबर 2016 मध्ये मराठी पुस्तकांना दार उघडले. ज्यांचा मजकूर युनिकोडमध्ये होता ते त्यातून सहज आत गेले. ‘मायबोली’ने नेटवर दिवाळी अंक काढले, सायली राजाध्यक्ष यांनी 2014 पासून ‘डिजिटल दिवाळी’ काढला, साधना परिवाराने 2019 मध्ये ‘कर्तव्य साधना’ सुरू केले. हा सगळा मजकूर पडद्यासाठीच लिहिला आणि जुळवला गेला होता, त्यामुळे तो फोनवर विनासायास वाचता येतो. कागदासाठी जुळवलेल्या अंकाचे छायाचित्र पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे. पडदा लोकांना सोसत नाही असा निष्कर्ष गुरुजींच्या पालथ्या फोनवरून काढला तर तो चुकीचा ठरेल.

लेख सुटे होतात

प्रवाही मजकुराचा तोटाही आहे, आणि तो माझ्या मूळ मुद्द्याशी येऊन भिडतो. पान मोडले की क्रमही सैल होतो. अंकातला लेख स्वतंत्र दुवा होऊन फिरू लागतो. ज्याला कथा हवी त्याला कथा मिळते. शेजारचा पक्ष्यांवरचा लेख त्याच्या वाटेत येतच नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे थोपवता आले नाही. 2010 साली आयपॅड आला तेव्हा मासिकांना वाटले की आता आपला अंक जसाच्या तसा काचेवर विकता येईल. खास आयपॅडसाठी निघालेले ‘द डेली’ हे दैनिक फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर 2012 मध्ये बंद पडले. ॲपलने 2011 साली मासिकांसाठी केलेली ‘न्यूजस्टँड’ची वेगळी फळी 2015 मध्ये काढून टाकली. किंडलवरची मासिकांची वर्गणी सप्टेंबर 2023 मध्ये थांबली. इतके भांडवल आणि इतके वाचक असूनही तिकडे अंक ही वस्तू पडद्यावर तगली नाही. तगले ते लेख. मराठी संपादकांनी या बारा-तेरा वर्षांतून शिकायला हवे, कारण तोच प्रयोग त्याच रीतीने इथे करण्याइतका पैसा आपल्याकडे नाही.

वाचनाच्या खोलीबद्दलही एक आधार आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात 54 अभ्यास एकत्र तपासले गेले. वाचकांची एकूण संख्या 1 लाख 70 हजारांवर. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, वेळेचे बंधन असले की हा फरक वाढतो, आणि कथात्मक मजकुरात तो आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष. मासिकाच्या भाषेत सांगायचे तर कथा पडद्यावर निभावेल, वैचारिक लेखाला मात्र जपावे लागेल. मला हे पटते, कारण फोनवर मी स्वतः कथा शेवटपर्यंत वाचतो आणि लेखाचे शेवटचे तीन परिच्छेद नजरेखालून घालतो. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडली तेव्हा लोक कथेसाठी हळहळले. आजची काळजी समीक्षेची आणि वैचारिक लेखाची असायला हवी.

वाचनालयाचे टेबल

महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याच्या आठही तालुक्यांत अशी वाचनालये आहेत, बरीचशी एका खोलीची. एक लांब टेबल, बाके, वर पंखा, आणि टेबलावर अंक. घरी बोलणे पोवारीत, झाडीबोलीत किंवा गोंडीत, बाजारात हिंदी, प्रमाण मराठीचा चांगला मजकूर शाळा सुटल्यावर जिथे भेटतो ती बहुतेकांसाठी हीच जागा. एका प्रतीला तीस-चाळीस वाचक सहज मिळतात.

ई-अंकाला हा हिशोब चालत नाही. कागदी अंक विकत घेतला की तो आपला. वाचावा, द्यावा, बांधून ठेवावा. ई-अंकात आपण घेतो ती परवानगी, एका खात्याची. देणाऱ्याने ठरवले तर ती परतही जाते. 2009 साली ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑर्वेलच्या ‘1984’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या होत्या. पुढे कंपनीने माफी मागितली. वर्गणी थांबली की मागचे अंकही बंद, असे बऱ्याच ॲपवर घडते. गावच्या वाचनालयाने कोणाच्या नावाने खाते उघडायचे, आणि एका खात्यावर चाळीस जणांनी वाचले तर तो गुन्हा की सेवा, याचे उत्तर छोट्या मासिकांनी अजून दिलेले नाही. ते देणे त्यांच्या हातात आहे. वाचनालयासाठी वेगळी वर्गणी ठेवावी, अंक एकदा उतरवून घेतला की रेंज नसतानाही उघडावा, आणि तो कायमचा वाचनालयाचा असावा. देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीत ज्याला नेटवर्क लागत नाही असाच अंक उपयोगी.

असे करता येते, याचा दाखला घरातच आहे. बालभारतीने 1971 साली सुरू केलेल्या ‘किशोर’चे जुने अंक मुलांसाठी नेटवर मोफत खुले केले. एका संध्याकाळी टेबलावर टॅब ठेवून मी चार मुलांना त्यातला सत्तरच्या दशकातला एक अंक उघडून दिला. टॅब मोठा असल्यामुळे पान पूर्ण दिसत होते. एकाने चित्र पाहिले, दुसरीने कोडे सोडवायला घेतले, आणि कोड्याच्या शेजारची गोष्ट तिसऱ्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सीमा, क्रम, हाती फिरणे, अंकाची तिन्ही अंगे त्या टॅबवर जागच्या जागी होती. टॅब कुणा एकाचा नव्हता, टेबलाचा होता.

उलट दिशेचा प्रवास

आतापर्यंत पुण्याहून गोंदियाला काय येते ते पाहिले. पण पडद्यामुळे उलट दिशेचा रस्ताही मोकळा होतो, आणि मला त्याची आशा जास्त वाटते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला अभ्यासाचा आणि संमेलनांचा आधार दिला. तिच्यात लिहिणारे कवी, कथाकार, दंडारीची संहिता रचणारे आहेत. त्यांचे अंक निघतात ते थोड्या प्रतींचे, आणि जिल्ह्याच्या वेशीबाहेर क्वचितच जातात. पुण्याच्या विक्रेत्याला दहा प्रतींचे पार्सल परवडत नाही. युनिकोडमध्ये जुळवलेला असा अंक कोल्हापूरच्या किंवा बोस्टनच्या मराठी घरात त्याच दिवशी उघडतो. ‘बोडी’ हा शब्द अडला की त्यावर बोट ठेवावे आणि ‘शेतातले लहान तळे’ असा अर्थ यावा, ‘पानी’तला न ही चूक नसून झाडीत ण उच्चारलाच जात नाही हे तिथेच कळावे, एवढी सोय ई-रीडरमध्ये करता येते. छापील अंकात त्यासाठी तळटिपांचे जंगल उभे करावे लागते.

शिवाय युनिकोडमधला मजकूर यंत्राला वाचून दाखवता येतो. छायाचित्रवजा पीडीएफ त्याच्यापुढे मुकी असते. आमच्या आळीत दुपारी ओसरीवर चार-पाच बाया बिड्या वळत बसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूपाने, हात अखंड चालू. अंक धरायला हात मोकळे नसतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एकीच्या मुलीने दिवाळी अंकातली एक कथा फोनवर लावून फोन सुपाच्या कडेला टेकवून ठेवला. कथा याच भागातली होती. आवाज यंत्राचा, सपाट, पण शब्द कळत होते. रोवणीचा प्रसंग आला आणि यंत्राने ‘पऱ्हे’चा उच्चार भलताच केला. हात न थांबवता दोघी-तिघी एकदमच म्हणाल्या, ‘पऱ्हे, पऱ्हे.’ मुलीने कथा थोडी मागे नेली आणि पुन्हा लावली.